एका कान्याचा पाठभेद

‘बडोद्यातील ज्येष्ठ नागरिक श्री. दिनकरराव सबनीस यांच्या मालकीच्या, अनेक दशके जाम पडलेल्या ट्रॅक्टरच्या इंजिनाचा काटा त्यांचे चिरंजीव श्री. जयवंतराव यांनी खंडेनवमीच्या शुभदिनी एका झटक्यात काढला. कन्या डॉ. निरुपमा यांचे प्रोत्साहन लाभले.’

जुन्या वाहनांच्या मेळाव्याच्या स्मरणिकेत हा मजकूर छापलेला आहे. वर जयवंताचे छायाचित्र आहे: एक पाय पुढच्या चाकावर, हातात सुरू करण्याचे लोखंडी हँडल, चेहऱ्यावर गड सर केल्याचे समाधान. चित्राच्या कडेला एक कोपर दिसते. ते माझे आहे. प्रोत्साहन म्हणतात ते हेच असावे.

जुन्या पोथ्यांचे पाठ तपासण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे छापील वाक्यावर विश्वास ठेवण्याची सवय मला नाही. ‘मालकीच्या’ हे खरे. ‘जाम पडलेल्या’ हेही खरे. धुराड्याचे झाकण कुणीतरी हरवले, आत पाणी गेले, आणि चारही पिस्टन आपापल्या सिलिंडरला धरून बसले. ‘एका झटक्यात’ या शब्दांपाशी मात्र लेखकाने निसर्गनियमांचा निरोप घेतला आहे. गंजून बसलेला पिस्टन झटक्याने सुटत नाही. झटक्याने हँडल वाकते किंवा खांदा निखळतो. तरीही झटका देताच इंजिन फिरले असेल, तर ते आधीच सुटलेले होते, एवढेच अनुमान निघते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, तर आमच्या शास्त्रकारांनी त्याला न्यायाचे नाव दिले. कावळ्याला हार घालावा असे मात्र कुणी सुचवले नव्हते. ते काम मेळाव्याच्या समितीने केले.

‘खंडेनवमीच्या शुभदिनी’ हे दुर्दैवाने अक्षरशः खरे आहे.

राहिला ‘काटा’. हा मला उघडउघड मुद्रणदोष वाटला. बडोद्याच्या मराठीत गंजाला काट म्हणतात. शब्द गुजरातीतून आला आणि आमच्या घरांत जेवायला बसला. जयवंताने जन्मात कधी गंज हा शब्द उच्चारलेला नाही. तो ‘काट काढला’ म्हणाला असणार आणि समितीचे चिटणीस पिलाजीराव यांनी ऐकताना किंवा लिहिताना त्याला एक काना जोडला. गंज काढण्याऐवजी इंजिनाचा काटा काढला गेला, म्हणजे एखाद्या प्रतिस्पर्ध्याला वाटेतून दूर करावे तसा. मी माझ्या प्रतीत पेन्सिलीने तो काना खोडला. अवघड पाठ सहसा खरा असतो, संपादकाने सोप्या पाठाच्या मोहात पडू नये, हे मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे सांगत आले. स्वतःची वेळ आली तेव्हा सोपा पाठ स्वीकारून मोकळी झाले.

तो ट्रॅक्टर ब्रिटिश बनावटीचा, करड्या रंगाचा. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पाद्रा गावाकडच्या जमिनीसाठी घेतला. शेतीखात्यातला अधिकारी स्वतः ट्रॅक्टर चालवतो याचे गावाला कौतुक, आणि नानांना त्या कौतुकाचे कौतुक. आम्ही दोघे भावंडे सुट्टीत बरोबर असायचो. जयवंत चाकावरच्या पत्र्यावर बसायचा. मी बांधावर पाण्याचा तांब्या आणि नानांची टोपी सांभाळायचे. इंजिन अडले की नाना जयवंताला खाली उतरवून त्याच्या हातात पाना द्यायचे, आणि त्याने तो कुठेही लावला तरी म्हणायचे, “याच्या हाताला गुण आहे.” मग बांधाकडे बघून, कुणी वगळले जाऊ नये अशा न्यायबुद्धीने, “आणि निरू वाचते.”

ही दोन वाक्ये पुढे आमच्या आयुष्यांची शीर्षके झाली. जयवंत प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात लागला, हाताच्या गुणावर निवृत्त झाला आणि मांजलपूरला फ्लॅट घेऊन राहिला. मी वाचत राहिले. मला पदवी मिळाली, पुरस्कार मिळाले, माझ्या संपादनांवर परदेशातून पत्रे आली. नानांनी प्रत्येक वेळी “छान” म्हटले. जयवंताने नानांच्या सुभानपुऱ्याच्या घरातला गळका नळ बंद केला तेव्हा ते आठवडाभर येणाऱ्याजाणाऱ्याला तो नळ दाखवत होते. षड्रिपूंच्या यादीत मत्सर सहावा आणि शेवटचा. यादी करणाऱ्याला बहुधा धाकटा भाऊ नसावा.

आई गेल्यावर नाना माझ्याकडे राहिले, किंवा मी त्यांच्याकडे. घर त्यांचे, स्वयंपाक माझा. जमीन कधीच गेली होती. ट्रॅक्टर आवारात, आसोपालवाच्या, म्हणजे अशोकाच्या झाडाच्या, बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये उभा होता. काचबिंदूने नानांची दृष्टी नेली आणि जाताना सगळी धार कानांना देऊन गेली; दूध वर यायला लागले की मागच्या खोलीतून हाक येते, “निरू, गॅस.” ट्रॅक्टरचे हँडल ते पलंगाखाली ठेवत. हात खाली सोडला की लागेल अशा बेताने.

एका दुपारी ते म्हणाले, “एकदा त्याचा आवाज ऐकायचा होता. जयवंताला सांग. जो कुणी इंजिन सोडवेल त्याचं हे हँडल.”

“जो कुणी?”

“म्हणजे जयवंतच. दुसरं कोण?”

मी जयवंताला बोलावले. तो आला, बॉनेट उचलून त्याने आत पाहिले आणि रुमालाला हात पुसले. हात कशालाही लागलेले नव्हते.

“ताई, हे भंगार आहे ने. काट आतपर्यंत चढला. आता तो बापजन्मात नाही निघत.”

“गंज म्हण.”

“गंज म्हटल्याने निघतो का? मग म्हणतो.” तो हसला. “चहा टाक. आलं घाल.”

चहा पिऊन तो गेला. त्याच संध्याकाळी मी पाना विकत आणला. गुजरातीत पुस्तकाचे पान आणि नट फिरवायचा पाना या दोहोंना ‘पानुं’ हा एकच शब्द आहे. मला त्यात शुभशकुन दिसला. व्युत्पत्तीवर विसंबणाऱ्या माणसाला शकुनांची कधी वाण पडत नाही.

पुढचे महिने मी वाचत होते तसेच काम करत होते. म्हणजे सावकाश, आणि मजकुराला दुखापत न करता. गंजलेला बोल्ट आणि किडीने खाल्लेले पान यांची प्रकृती एक. जोर केला की हातात तुकडा येतो. बोल्टला ब्लो लॅम्पने तापवायचे, किंचित निवू द्यायचे, मग मेणबत्ती टेकवायची. मेण वितळून आट्यांच्या फटीत शिरते आणि पुढच्या प्रयत्नाला बोल्ट नकार देतो, पण पूर्वीइतका उद्धट नाही. रेडिएटर उतरवला, पंखा उतरवला, मग इंजिनाचे हेड. त्याखाली चार पिस्टन दिसले, तपकिरी, चार बंद डोळ्यांसारखे. त्यांच्यावर अ‍ॅसिटोन आणि गिअरचे पातळ तेल निम्मे-निम्मे ओतायचे, मुरू द्यायचे, दुपारी बाभळीचा ठोकळा ठेवून वरून हातोडीने हलके ठोकायचे. जोरात नाही. दार उघडणाऱ्याला आपण घाईत नाही हे कळावे, इतपतच.

पंख्याच्या नटाने मला सगळ्यांत जास्त छळले. तो सैल होईना. मी तेल दिले, तापवले, मेण दिले, पान्याला लांब पाइप लावून त्यावर लोंबकळले. तो अधिकच आवळला गेला. शेवटी भिंग घेऊन, पोथीची शाई पाहावी तशी मी आट्यांची चढण पाहिली. आटे उलटे होते. जगातले नट ज्या दिशेने सैल होतात, त्या दिशेने हा आवळला जात होता. दुसऱ्या बाजूला फिरवताच तो टक्क करून सुटला, जणू इतके दिवस तो माझ्या व्याकरणाची वाट पाहत होता.

नाना मागच्या खोलीतून ठोकणे ऐकत. संध्याकाळी विचारत, “काय प्रगती?”

मी सांगे, “हेड निघालंय. तेल मुरतंय. ठोकणं चालू आहे.”

पुन्हा वाचल्यावर या वाक्यांतली उणीव माझ्या लक्षात येते. त्यांत कर्ता नाही. विद्वत्तापूर्ण लेखनात ‘मी’ लिहू नये, ‘असे दिसून येते’ असे लिहावे, ही आमची रीत, आणि ती इतकी अंगवळणी पडते की माणूस वडिलांशीही करणाऱ्याचे नाव वगळून बोलू लागतो. शिवाय मला शेवटी, एकदाच, सगळे एकदम सांगायचे होते. तोवर कर्त्याची जागा मी रिकामी ठेवली. रिकाम्या जागेला आमच्या घरात फार दिवस वाट पाहावी लागत नाही.

नवरात्रातल्या अष्टमीला, संध्याकाळी, मी पुढच्या पुलीच्या बोल्टवर पाना लावून नेहमीसारखा भार दिला आणि पाना खाली गेला. तो निसटला असे मला वाटले. मी पुन्हा भार दिला. चारही पिस्टन हलले होते. दोन खाली चालले होते, दोन वर येत होते, एखाद्या जुन्या शिस्तीने. मी तिथेच तेलकट फरशीवर बसले. हँडल लावून पाहण्याचा मोह झाला नाही. ते नानांच्या पलंगाखाली होते, आणि ते मला चोरून नको होते.

ही गोष्ट मी एकाच माणसाला फोन करून सांगितली. त्यात आनंद किती आणि डिवचणे किती याची टक्केवारी मी काढलेली नाही.

“जयवंता, हलला.”

“कोण हलला?”

“पिस्टन. चारही. जो बापजन्मात निघत नव्हता तो.”

तो म्हणाला, “शुं वात करे छे, ताई.”

“परवा दसऱ्याला सकाळी ये. नानांच्या समोर हँडल फिरवू. उद्या खंडेनवमी, उद्या अवजारांना हात लावायचा नाही.”

“हो, हो. मस्त.”

आमच्या घरची खंडेनवमी साधी असते. पाटावर अवजारे मांडायची, हळदकुंकू, झेंडूचे फूल, आणि त्या दिवशी त्यांना विश्रांती. तलवारी गेल्या, मग नानांची मोजमापाची साखळी आली, आईची कात्री आली, माझ्या लेखण्या आल्या. त्या वर्षी मी प्रथमच पाने, हातोडी, बाभळीचा ठोकळा आणि उरलेली अर्धी मेणबत्ती मांडली. नानांनी पलंगाखालून हँडल काढून दिले. तेही पाटावर ठेवले. ज्यांच्याकडून आपण वर्षभर काम घेतो त्यांना एक दिवस हात न लावण्याइतके सभ्य असावे, असे मला वाटते. मी स्वयंपाकघरात नैवेद्याचा शिरा ढवळत होते.

जयवंत दसऱ्याला यायचा तो नवमीलाच आला. “पाया पडायला आलो,” असे तो नानांना म्हणाल्याचे मी ऐकले. मग नानांची चाकाची खुर्ची अंगणातून शेडकडे गेल्याचे ऐकले. मग खिडकीतून पाहिले. त्याच्या हातात हँडल होते. त्याला अजून झेंडूचे फूल चिकटलेले होते.

आवाज मोठा नव्हता. इंजिन सुरू होण्याचा तर नव्हताच. ते अजून लांब होते. हेड नसलेल्या सिलिंडरांत पिस्टन वरखाली होताना तेलाचा जो ओला सुस्कारा निघतो, तेवढाच तो आवाज. पण तो नानांनी ऐकला.

“फिरलं?”

“फिरलं, नाना. काट सगळा निघाला.”

“तुझ्या हाताला गुण आहे रे,” नाना म्हणाले. त्यांच्या बंद डोळ्यांतून पाणी येत होते. “हँडल ठेव. तुझं आहे ते.”

मी हातात उलथने घेऊनच शेडमध्ये गेले. “नाना, ते कालच सुटलं होतं.”

“हो ग. काल तो ठोकत होता ना, मी ऐकलं. रोज दुपारी जयवंताचा हातोडा ऐकूनच झोपायचो मी.”

“नाना, ते ठोकणं...”

“ताई,” जयवंत म्हणाला, “शिरा जळतो आहे ने.”

शिरा खरोखरच जळत होता. मी परत गेले. गॅस बंद करून बाहेर येईपर्यंत नाना आसोपालवाखाली बसून हँडलावरून हात फिरवत होते, आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला त्याच्या लहानपणाच्या गोष्टी सांगत होते. त्या गोष्टींत बांधावर टोपी धरून कुणीही उभे नव्हते.

संध्याकाळी मी त्यांना सांगून पाहिले. ते प्रेमाने म्हणाले, “तू मदत केलीस हो. जयवंत सांगत होता.” यापुढे जे काही सांगितले असते त्याला हट्ट हे नाव पडले असते. आणि मला मागून घ्यायचे नव्हते. मला कुणीतरी विचारायला हवे होते. मत्सराची ही खोड आहे. तो चोराला पकडत नाही, साक्षीदार स्वतःहून येण्याची वाट पाहतो.

जयवंताला मी फाटकापाशी गाठले.

“मी तुला फोनवर काय सांगितलं होतं?”

“ताई, आमच्या सोसायटीत गरबा चालू होता. मला तर असं ऐकू आलं की हलत नाही. म्हणून तर बघायला आलो. बघितलं, फिरवलं, फिरलं. हवे एमां शुं, त्यात काय एवढं?”

“मग ‘मस्त’ कशाला म्हणालास? हलत नाही म्हणून?”

“तू म्हणशील ते मस्तच असतं, ताई.”

दिवेलागणीला गरबा सुरू करणारे शहर अजून वसायचे आहे. बडोद्यात त्या वेळी फार तर ध्वनिक्षेपकाची तपासणी चालते. पण या युक्तिवादाला सभा नव्हती. जयवंत स्कूटरवर बसला. हँडल त्याने पायांत आडवे ठेवले होते.

त्यानंतर इंजिन मीच जोडले. हेड बसवले, कार्ब्युरेटर धुतला, रेडिएटरची गळती बंद केली, पंखा त्याच्या उलट्या नटासकट परत लावला. जयवंत रविवारी यायचा, हँडल घेऊन. ते तो घरी ठेवत असे, त्यामुळे त्याच्याशिवाय इंजिन सुरू करता येत नसे. एका रविवारी ते सुरू झाले, नाना मनसोक्त हसले, आणि पिलाजीराव छायाचित्रकाराला घेऊन आले. माझे कोपर त्या दिवशीचे.

मेळावा थंडीत भरला. मैदानावर जुन्या मोटारींच्या रांगा, फाफड्याच्या गाड्या, आणि कडेला एका कनातीत आमचा ट्रॅक्टर, हार घातलेला. नानांची खुर्ची त्यांच्या आग्रहावरून इंजिनाला लागून ठेवली होती. मी शेजारच्या घडीच्या खुर्चीवर, मांडीवर स्मरणिका. जयवंत चालकाच्या जागेवर बसला होता आणि वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला, मराठीत, गुजरातीत, हिंदीत, मागणीनुसार, काट कसा काढला ते सांगत होता. खरे सांगायचे तर तो सुरेख सांगत होता. मी केलेले काम मी कधीच इतके चांगले सांगू शकले नसते, आणि हे त्याहून असह्य होते.

पिलाजीराव मायक्रोफोन घेऊन आले. “जयवंतराव, आता मैदानाला एक फेरी.”

इंजिन सुरू झाले आणि काही वेळाने रेडिएटरमधून वाफ येऊ लागली. पंख्याचा पट्टा ढिला पडून घसरत होता. जयवंताने इंजिन बंद केले, खाली उतरला, पट्टा बोटाने दाबून पाहिला.

“काही नाही. पट्टा ताणायचा. एक नट ढिला करायचा, बस.”

त्याने पाना लावला. जगातले नट ज्या दिशेने सैल होतात त्या दिशेने त्याने जोर केला.

मी तोंड उघडू शकले असते. “उलटे आटे आहेत,” एवढे दोन सेकंदांचे वाक्य होते, आणि ते माझ्या जिभेवर होते. मी ते तिथेच ठेवले. पोथी स्वतः बोलू लागली की संपादकाने गप्प बसावे. आणि माझा भाऊ चारचौघांत, सगळे वजन घालून, एक नट आवळतो आहे, हे पाहण्यात जे सुख होते त्याला चांगले नाव देण्याचा मी प्रयत्न करणार नाही.

“जाम आहे,” जयवंत म्हणाला. त्याने पान्याला पाइप लावला.

“जयवंतराव, जुना माल आहे,” पिलाजीराव म्हणाले. “तुमचा तो झटका द्या ना.”

त्याने झटका दिला. नट किंचाळला.

“थांब,” नाना म्हणाले. त्यांनी मान वळवून कान इंजिनाकडे केला होता. “तू आवळतोयस.”

“नाही नाना, ढिला करतो आहे. काट चढला असेल.”

“काट नाही तो. सुटणारा नट टक्क करतो. हा रडतोय. आवळला जातोय तो. त्याचे आटे उलटे आहेत, विसरलास?”

“हो, ते... विसरलो.”

“कसा विसरशील?” नानांच्या आवाजात राग नव्हता, हिशेब न जुळल्याचा गोंधळ होता. “पंखा उतरवल्याशिवाय रेडिएटरच्या मागे हात जात नाही, आणि हेड निघत नाही. मी हा नट पहिल्यांदा काढला तेव्हा माझे तळहात फुटले होते. हा नट एकदा ज्यानं काढला तो मरेपर्यंत विसरत नाही. तू तो काढलास ना?”

जयवंत पान्यावरचा पाइप काढू लागला.

“डावीकडे की उजवीकडे फिरवला होतास? तेव्हा?”

पिलाजीरावांनी मायक्रोफोन पाठीमागे नेला. ते भले गृहस्थ आहेत. फक्त तो बंद करायचे त्यांना सुचले नाही, त्यामुळे नानांचा पुढचा प्रश्न मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या फाफडेवाल्यालाही ऐकू गेला.

“मग रोज दुपारी तो हातोडा कुणाचा होता?”

शेवटी कुणीतरी कर्ता विचारला होता. माझ्याकडे उत्तर महिनोन्‌महिने तयार होते, विशेषणांसकट. मी नानांच्या खुर्चीकडे पाहिले. त्यांचा चेहरा माझ्याकडे नव्हता. तो जयवंताकडे होता, नेहमीसारखा. आणि मला कळले की हे उत्तर त्याच्याच तोंडून आले तरच ते नानांपर्यंत पोचेल. माझ्या तोंडून आलेले ते वाचलेले ठरेल.

जयवंताने पाइप खाली ठेवला. सीटखालून हँडल काढले, पुढे आला, आणि वाकून, माझ्याकडे न पाहता, ते माझ्या मांडीवर, स्मरणिकेवर ठेवले. मग तो नानांसमोर उकिडवा बसला. त्याचे शब्द मी जसेच्या तसे देत आहे. भाषा सुधारलेली नाही. माझ्या प्रतीतली ती पेन्सिलीची खोडणीही मी त्याच संध्याकाळी पुसली. पिलाजीरावांना जे ऐकू आले असेल ते असो, छापलेला काना योग्य होता.

“फोन मला नीट ऐकू आला होता, नाना. गरबा-बिरबा काही नव्हता. ताई म्हणाली, हलला. मग मला वाटलं, पुस्तकं तिची, मान तिचा, तुम्ही पण तिच्याजवळ. माझ्यापाशी हा एक हाताचा गुण होता, तो पण आता ती घेऊन चालली ने. म्हणून आदल्या दिवशी आलो. काट तिनेच काढला. मी तिचा काटा काढला.”